जांभ्याच्या मातीत ऱ्होडोडेंड्रॉन का टिकत नाही?

मुलांकडे अमेरिकेला गेलेली कोकणातली मंडळी एप्रिल-मेमध्ये पोर्टलंडची क्रिस्टल स्प्रिंग्ज बाग पाहून येतात. ऱ्होडोडेंड्रॉन या गुच्छांनी फुलणाऱ्या झुडपाची ही बाग १९५० मध्ये हौशी लोकांनी सुरू केली. तण काढणं, सुकलेले तुरे खुडणं ही कामं स्वयंसेवक करतात. तुरा कात्रीने कापत नाहीत, दोन बोटांत धरून बाजूला मोडतात, कारण पुढच्या वर्षीचे डोळे त्याच्या लगेच खाली असतात.

परतल्यावर प्रश्न ठरलेला: याला आम्लधर्मी माती लागते, ती आमच्याकडे आहेच, पाऊसही तिप्पट. मग रत्नागिरीत का नको?

मातीपुरतं म्हणणं बरोबर आहे. या झाडाला साधारण ४.५ ते ६ सामू (पीएच) मानवतो आणि जांभ्याची माती बहुधा त्याच्या आसपासच असते. घोळ पावसाच्या वेळेत आहे. पोर्टलंडला वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक थंडीत. रत्नागिरीत ३००० च्या वर, जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि तेव्हा रात्रीसुद्धा पारा २४-२५ अंशांवर.

ऱ्होडोडेंड्रॉनची मुळं केसासारखी बारीक आणि अगदी वरवर पसरलेली. कोमट, तुंबलेल्या मातीत त्यांना प्राणवायू पुरत नाही. त्यात फायटॉप्थोरा हा मुळं कुजवणारा, बुरशीसारखा रोगजंतू येतो. सुपारीवाल्यांना वेगळं सांगायला नको, कोळेरोग त्याच्याच भाईबंदांचा. याचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत पोचतात. मुळं कुजली की माती ओली असूनही पानं लोंबतात, आणि आपण तहानलंय समजून आणखी पाणी घालतो. तसं करण्याआधी बुंध्याची साल मातीलगत नखाने खरवडून पाहा. आत हिरवट-पांढरं असेल तर आशा आहे. लालसर तपकिरी असेल तर झाड गेलं.

म्हणून हिमालयातला बुरांश, म्हणजे तिथला ऱ्होडोडेंड्रॉन, आणण्याचा खटाटोप करूच नये. त्याचं घर १५०० ते ३००० मीटरवरच्या थंडीत, आणि आपलं कळसूबाई १६४६ मीटरवर संपतं. जंगलातून रोप उपटणं तर त्याहून वाईट.

हौस असेलच तर ऱ्होडोडेंड्रॉनच्याच व्हिरेया गटाची रोपं पाहावीत. बोर्निओ, न्यू गिनीकडची ही झाडं, अनेक जाती ऑर्किडसारख्या दुसऱ्या झाडांवर वाढतात. बहुतेक डोंगरातल्या असल्या तरी काही सखल भागातही सापडतात. रोप घेताना तशीच जात किंवा तिचा संकर मागावा, नाहीतर पैसे पाण्यात.

कुंडी मातीची, पसरट. भरायला माती नकोच: निम्मे नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, उरलेल्यात जाड साल आणि लाकडी कोळसा. सोडणं खाडीत कुजवलेली असतील तर मिठाचा अंश राहतो. गोड्या पाण्यात दिवसभर भिजवून ते ओतून द्यावं, असं तीनदा. मुळांचा गड्डा काठाशी बोटभर वर राहू द्यावा, पुरू नये. सकाळचं ऊन, दुपारी सावली. पावसाळ्यात कुंडी पडवीत घ्यावी, पागोळ्यांखाली तर नकोच.

चुलीतली राख झाडाला टाकायची सवय इथे नडते. राखेने सामू चढतो, लोह मुळांना मिळेनासं होतं, आणि कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. किनाऱ्यावरची शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू घातली तरी तेच. आधी राख, वाळू बंद करावी, मग लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून एकदा घालावं. पिवळी झालेली जुनी पानं सहसा पुरती सुधारत नाहीत. नवी पालवी हिरवी येते का, तेवढं पाहायचं.