छाती दाखवायची की पाठ? फ्रंट क्रॉस, ब्लाइंड क्रॉस आणि दोन कुत्री

अ‍ॅजिलिटी (कुत्र्याकडून ठरलेल्या क्रमाने अडथळे पार करून घेण्याचा वेगाचा खेळ) शिकायला लागून वर्षही न झालेल्या हँडलरला, म्हणजे कुत्र्यासोबत पळणाऱ्या माणसाला, रन संपल्यावर विचारा, "सहाव्या जंपपाशी काय केलंस?" उत्तर येतं, "क्रॉस केला." फ्रंट की ब्लाइंड? इथे गाडी अडते. बरेचदा त्याला खरंच आठवत नसतं, कारण दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो. आधी डाव्या हाताला असलेलं कुत्रं आता उजव्या हाताला आलेलं असतं आणि हँडलर त्याच्या पुढूनच पलीकडे गेलेला असतो. एकच कुत्रं असेल तर हा गोंधळ बराच काळ खपून जातो. घरातली दोन-तीन कुत्री स्पर्धेत उतरायला लागली की मात्र खपत नाही. एकाला जे मानवतं तेच दुसऱ्याला बाद करतं.

माझ्याकडे दोन आहेत. झिपरी बॉर्डर कॉली, खांद्यापाशी ५१ सेंटिमीटर. गुंड्या बीगल, ३८ सेंटिमीटर, नाकाने विचार करणारा. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या नियमांप्रमाणे ३५ ते ४३ सेंटिमीटरमधलं कुत्रं मीडियम गटात जातं आणि ४८ च्या वरचं लार्ज गटात. म्हणून गुंड्याच्या जंप ३५ ते ४० सेंटिमीटरच्या आणि झिपरीच्या ५५ ते ६० च्या. कोर्स, म्हणजे अडथळ्यांची मांडणी, पुष्कळदा तोच असतो, फक्त जंपचे आडवे बार खाली-वर होतात. मी तोच, पाय तेच, कोर्स तोच, तरी दोन्ही रनमध्ये एकाच जागी एकच क्रॉस मी क्वचितच करतो.

आधी मुळातला फरक. समजा कुत्रं तुमच्या डाव्या हाताला आहे आणि पुढचं वळणही डावीकडेच आहे. म्हणजे तुम्ही वळणाच्या बाहेरच्या अंगाला पडलात. आतल्या अंगाला यायचं तर कुत्र्याची वाट ओलांडायला हवी, आणि तुम्ही कुत्र्याच्या पुढे असाल तरच ती पुढून ओलांडता येईल.

फ्रंट क्रॉसमध्ये तुम्ही डावीकडे, कुत्र्याच्या दिशेने वळता. छाती कुत्र्याकडे होते, डावा हात खाली येतो, उजवा पुढे येतो आणि तुम्ही नव्या दिशेला लागता. या सगळ्यात नजर कुत्र्यावरून हलत नाही. ब्लाइंड क्रॉसमध्ये तुम्ही पळत राहता, पळता पळताच कुत्र्याच्या पुढून डावीकडे सरकता आणि डाव्या खांद्यावरून मागे बघणारी मान झटकन उजव्या खांद्यावर नेता. मधला एक क्षण कुत्रं दिसत नाही, त्याला फक्त तुमची पाठ दिसते. नावातलं 'ब्लाइंड' आहे ते हँडलरच्या त्या क्षणापुरतं. कुत्र्याला सगळं नीट दिसत असतं.

नवख्यांची गल्लत होते ती मधल्या प्रकारामुळे. हँडलर कुत्र्याकडे अर्धा वळतो, मग घाईत विचार बदलतो आणि उरलेलं अर्धं पाठ फिरवून पुरं करतो. जाणकार हँडलर हे दोन तुकडे ठरवून एकामागोमाग एक जोडतात, जंपच्या खांबाला वळसा घालून घट्ट वळण घ्यायचं असेल तेव्हा, आणि ते फार देखणं दिसतं. पण न ठरवता झालं तर कुत्र्याला एका श्वासात दोन निरोप जातात. व्हिडिओत ओळखायचं असेल तर हाताकडे बघू नका, हात दोन्ही प्रकारांत बदलतो. मधल्या क्षणी कुत्र्यासमोर छाती होती की पाठ, तेवढं बघा.

आता खर्चाचा हिशेब. हाच भाग मला सगळ्यात उशिरा कळला. फ्रंट क्रॉसमध्ये तुम्हाला स्वतःभोवती फिरावं लागतं, आणि किती फिरावं लागतं ते वळणावर ठरतं. कोर्स उलटा फिरून मागे येत असेल तर अर्ध्या गिरकीत काम होतं. तुम्ही फिरता तेव्हा तोंड आपोआप जायच्या दिशेला होतं, काहीच वाया जात नाही. पण सरळ ओळीत बाजू बदलायची असेल तर फ्रंट क्रॉस म्हणजे जवळजवळ पूर्ण गिरकी. ती घेईपर्यंत कुत्रं तुम्हाला ओलांडून पुढे गेलेलं असतं. ब्लाइंडचं याच्या उलट. सरळ किंवा किंचित वळणाऱ्या ओळीत तो जवळपास फुकट पडतो, कारण पाय धावतच राहतात. घट्ट वळणावर मात्र नुसत्या ब्लाइंडने कुत्रं लांब फेकलं जातं. तुमचं पळणं त्याला 'पुढे चल' असं सांगतं, 'आवर' असं सांगत नाही.

कुत्रं तोंडातल्या शब्दांआधी अंग वाचतं, आणि फरकाचं खरं मूळ तिथेच आहे. तुम्ही वेग कमी करून त्याच्याकडे वळलात की ते पाऊल आखडतं, अंग गोळा करतं आणि जंप उभी, आखूड मारतं. तुम्ही पाठ करून पळालात की ते पाऊल लांबवतं आणि पाठलाग सुरू होतो. म्हणजे दोन्ही क्रॉस बाजू बदलतात, पण वेगाबद्दल नेमका उलटा निरोप देतात.

अ‍ॅजिलिटी तशी नव्या काळातली. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये मधल्या वेळात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी, घोड्यांच्या अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेवरून सुचलेला हा खेळ दाखवला गेला. तेव्हापासून कोर्स जास्त वळणावळणाचे झाले, कुत्री जास्त वेगवान झाली. 'कुत्र्याकडे कधीही पाठ करू नका' हा नियम शिकवणारे प्रशिक्षक मीही पाहिलेत, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. न शिकवता केलेला ब्लाइंड म्हणजे जुगारच. पण 'फ्रंट नवख्यांचा, ब्लाइंड तज्ज्ञांचा' ही जी समजूत पसरली आहे ती मला पटत नाही. ब्लाइंड करणारा हँडलर जास्त हुशार दिसतो, एवढंच.

आता दोन कुत्र्यांकडे येऊ. सहज वाटतं की वेगवान कुत्र्याला ब्लाइंड, कारण वेळ वाचतो, आणि सावकाश कुत्र्याला फ्रंट, कारण वेळ भरपूर असतो. मीही पहिलं वर्षभर असंच केलं आणि दोघांचंही नुकसान केलं.

गुंड्या धावत असताना मी सतत त्याच्या पुढेच असतो. म्हणून मी आरामात फ्रंट क्रॉस करायचो, त्याच्याकडे तोंड करून, थांबून, वाकून, 'ये ये' करत. समोर छाती करून उभा असलेला माणूस म्हणजे ब्रेक. आधीच विचार करत येणारा गुंड्या आणखी विचार करायला लागायचा आणि दोन जंपांच्या मध्ये गवत हुंगून यायचा. ज्या दिवशी त्याच जागी पाठ करून पळालो त्या दिवशी तो चक्क कान मागे टाकून आला. सावकाश किंवा साशंक कुत्र्याला पाठ ही हाक असते.

झिपरीच्या बाबतीत अडचण वेगळी. तिच्या पुढे पोचणं हीच मुळात चैन आहे. कोर्सवर मोजक्या जागी ती मला सापडते: वीव्हचे (नागमोडी जायचे) १२ खांब, डॉगवॉक (उंच, अरुंद फळीचा पूल), लांब टनेल (बोगदा). खांबांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर असतं, त्यातून ती कितीही सुळसुळत गेली तरी मला चार पावलं मिळतात. ती चार पावलं मी कुठे खर्च करतो? पुढे घट्ट वळण असेल आणि तिथे वेळेवर पोचत असेन, तर फ्रंट. तिला आवरण्यासाठी छातीइतकं दुसरं काही चालत नाही. सरळ ओळ असेल तर ब्लाइंड. आणि पोचतच नसेन तर दोन्ही सोडून तिच्या मागून बाजू बदलतो, त्याला रिअर क्रॉस म्हणतात. तो वेगळा विषय आहे, इथे एवढंच पुरे.

टनेल ही ब्लाइंडची हक्काची जागा. कुत्रं आत असताना त्याला तुम्ही दिसतच नाही, मग तेवढ्यात बाजू बदलून बाहेर तोंडाशी नव्या अंगाला पळत असलं की झालं. ते बाहेर येतं तेव्हा क्रॉस संपलेला असतो.

उशीर झाला तर काय होतं, यातही दोन्ही क्रॉसचे स्वभाव वेगळे आहेत. उशिरा केलेला फ्रंट क्रॉस तुम्हाला कुत्र्याच्या वाटेत उभं करतो. ते हवेत असतानाच तुम्हाला चुकवायला बघतं आणि बार पडतो. बार पडला की ५ दोष. चीड येते, पण रन चालू राहते. उशिरा केलेला ब्लाइंड जास्त महागात पडतो. तुम्ही मान उजवीकडे नेता तेव्हा तिथे कुत्रं नसतंच, ते जुन्याच बाजूने पाठीमागून निघून गेलेलं असतं आणि तुम्हाला कळतं तेव्हा चुकीच्या टनेलमध्ये शिरलेलं असतं. चुकीचा अडथळा घेतला की बाद. किंवा मग ते सरळ तुमच्या गुडघ्यांच्या मागच्या बाजूला येऊन आदळतं. झिपरीने मला असं दोनदा लोळवलंय, आणि दोन्ही वेळा चूक माझी होती.

लवकर केल्यानेही फसतं, हे मात्र मला गुंड्याने शिकवलं. एका स्पर्धेत झिपरीची रन आधी होती. वीव्हच्या आठव्या खांबापाशी तिला सोडून मी पुढे पळालो आणि टनेलच्या आधी ब्लाइंड क्रॉस टाकला. छान जमलं. तासाभराने गुंड्या उतरला. डोक्यात त्याचा वेगळा बेत पक्का होता, पण पाय झिपरीचीच रन धावत होते. आठव्या खांबापाशी मी पाठ फिरवली. त्याने पाहिलं की माणूस निघाला, दहाव्या खांबाशी वीव्ह सोडलं आणि माझ्यामागे आला. मी त्याला परत खांबांकडे नेईपर्यंत त्याने वाटेतली एक जंप मारलीही. बाद. तो मात्र शेपटी उंच करून बाहेर आला. पाठ दिसली की धावायचं, हे मीच तर त्याला शिकवलं होतं.

तेव्हापासून कोर्स वॉकची रीत बदलली. कोर्सवर कुत्र्याशिवाय फिरायला मिळणारा वेळ थोडा असतो आणि त्यात दोन बेत बसवायचे असतात. ज्याची रन नंतर आहे त्याचा बेत मी आधी चालतो आणि ज्याची आधी आहे त्याचा शेवटी, म्हणजे रिंगमध्ये शिरताना पायांत ताजा बेत तोच असतो. दोन्ही रनच्या मध्ये एका कोपऱ्यात उभा राहून दुसरा बेत हातवारे करत पुन्हा चालतो. लोक हसतात, हसू देत. आणि दोन्ही बेत जिथे वेगळे होतात त्या जागा मोजून ठेवतो. वीस अडथळ्यांच्या कोर्सवर अशा जागा सहसा तीन-चारच निघतात. तेवढ्याच घोकायच्या.

शिकवताना दोन्ही क्रॉसचा वर्ग वेगळा. ब्लाइंडची सुरुवात मोकळ्या जमिनीवर, एकही अडथळा न ठेवता. कुत्रं मागून पळत येतंय, तुम्ही ब्लाइंड करता आणि खाऊ किंवा खेळणं नव्या बाजूच्या हातातूनच देता, पायाला लागून. जुन्या हातातून एकदाही नाही, चुकूनही नाही. कुत्र्याला एवढंच समजायला हवं की ज्या खांद्यावरून माणूस बघतोय ती माझी बाजू. हे पक्कं झाल्याशिवाय जंपवर ब्लाइंड करू नये. फ्रंटचं शिक्षण कुत्र्याला फारसं लागत नाही, ते हँडलरलाच लागतं. घरातल्या घरात, कुत्र्याशिवाय, गिरकी संपल्यावर पायाची बोटं नव्या दिशेला आहेत की नाहीत ते बघत बसायचं. माझी अजूनही कधी कधी नसतात.

एकाचा सराव चालू असताना दुसरा क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) किंवा आपल्या बसायच्या पट्टीवर बसलेला असतो, आणि तो सगळं ऐकतो. म्हणून सोडायचा शब्द दोघांना वेगळा दिला आहे. झिपरीला 'चल', गुंड्याला 'हाण'. आधी दोघांना एकच होता. तेव्हा झिपरीला स्टार्टवरून सोडलं की गुंड्याही पट्टीवरून सुटायचा, आणि माझ्या ब्लाइंड क्रॉसच्या त्या आंधळ्या क्षणी मागे एकाऐवजी दोन कुत्री असायची, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मान कुठेही वळवली तरी कुत्रं हजर.