किल्लीविरहित बटण-स्टार्ट प्रणाली

किल्लीविरहित बटण-स्टार्ट प्रणाली : मोटारीची किल्ली खिशातून न काढता, केवळ बटण दाबून एंजिन चालू वा बंद करण्याची विद्युत् व रेडिओ व्यवस्था. बोलण्यात ‘पुश स्टार्ट’ किंवा ‘कीलेस’ हीच नावे रूढ आहेत. ‘किल्लीविरहित’ हे विशेषण तसे फसवे आहे. किल्ली नाहीशी झालेली नाही. ती कुलपात घालून फिरवणे तेवढे संपले आहे. बटणाबद्दलचा समजही असाच चुकीचा असतो. जुन्या कुलपात किल्ली फिरवली की तांब्याचे संपर्क प्रत्यक्ष जुळत आणि प्रवाह वाहू लागे. इथे बटण फक्त मागणी नोंदवते. ती मान्य करायची की नाही हे नियंत्रक, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो, आणि त्याचा पहिला प्रश्न एकच असतो : किल्ली या क्षणी गाडीच्या आत आहे का?

इतिहास : बटण हे किल्लीच्या स्टार्टरपेक्षा जुने आहे. कॅडिलॅक मोटारींत १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् स्टार्टर आला आणि पुढून हँडल मारण्याचे कष्ट वाचले. त्यानंतर बराच काळ स्टार्टरसाठी पायाखालची कळ किंवा डॅशबोर्डवरचे बटण असे. किल्ली असलीच तर ती प्रज्वलन (इग्निशन) मंडल जोडण्यापुरती. तीच किल्ली आणखी पुढे फिरवून स्टार्टर चालवण्याची पद्धत १९४९ च्या सुमारास क्रायस्लरच्या मोटारींपासून रूढ झाली, असे सामान्यतः मानले जाते.

आधुनिक प्रणालीचा आरंभ कोणता, याविषयी एकमत नाही, कारण ‘किल्लीविरहित’ शब्दाने कोणी दार उघडणे धरतो तर कोणी एंजिन चालू करणे. शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये १९९३ साली किल्लीचा प्रेषक (ट्रान्समीटर) जवळ आला की दार आपोआप उघडे आणि दूर गेला की बंद होई. जवळीक ओळखणारी ही व्यवस्था म्हणून तिचा मान मोठा आहे. पण एंजिनसाठी किल्ली कुलपात घालून फिरवावीच लागे. होंडा एस २००० (१९९९) मध्ये लाल स्टार्ट बटण होते, मात्र त्याआधी किल्ली फिरवणे आवश्यक होते. म्हणजे ते जुन्या बटणाचे पुनरागमन होते, नवी प्रणाली नव्हे. रेनोच्या दुसऱ्या पिढीच्या लगूनामध्ये (२०००–०१) किल्लीऐवजी कार्ड आले. ते खाचेत सरकवून मग बटण दाबायचे. किल्लीला हात न लावता दार उघडणे आणि किल्ली बाहेर न काढता बटणाने एंजिन चालू करणे, या दोन्ही अटी एकत्र लावल्या तर मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमधील ‘कीलेस-गो’ (१९९८–९९ च्या सुमारास) हिला अग्रक्रम द्यावा लागतो. तीत किल्ली कार्डाच्या आकाराची होती आणि बटण गिअरच्या दांड्यावर.

या साऱ्यामागे इमोबिलायझर आहे. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशाने १९९८ पासून नव्या मोटारींत तो सक्तीचा झाला. किल्लीतील चिप ओळखल्याशिवाय एंजिनचा संगणक इंधन व ठिणगी देत नाही, ही सोय त्यामुळे जवळजवळ प्रत्येक गाडीत आधीच बसली. ओळख चिपवरून पटते, मग धातूच्या पात्याचे काम काय उरले, हा प्रश्न ओघानेच आला.

रचना : किल्लीत एक सूक्ष्मनियंत्रक, मंद कंप्रतेचा (फ्रीक्वेन्सीचा) ग्राही (रिसीव्हर), उच्च कंप्रतेचा प्रेषक, सेल नसतानाही चालणारी चिप आणि बहुधा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल असतो (२० म्हणजे व्यास २० मिमी., ३२ म्हणजे जाडी ३·२ मिमी.). पोटात लोखंडी पाते दडवलेले असते. त्याची चावी-खाच चालकाच्या दाराच्या हँडलवर, पुष्कळदा झाकणाखाली सापडते.

गाडीत फेराइटच्या कांडीवर तार गुंडाळलेले अँटेना बसवतात : हँडलांत, आतील जमिनीत किंवा मधल्या कन्सोलखाली, आणि मागच्या बंपरजवळ. मिळून पाच-सहा ही नेहमीची संख्या. ते १२५ किंवा १३४·२ किलोहर्ट्झवर साद घालतात; काही उत्पादक २० किलोहर्ट्झच्या आसपासची कंप्रता वापरतात. किल्ली उत्तर देते ते मात्र ४३३·९२ मेगाहर्ट्झवर. जपान व अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर.

जाताना एक आणि येताना दुसरी कंप्रता का, हे समजले की निम्मी प्रणाली समजली. १२५ किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २,४०० मी. भरते. गाडीच्या मापाशी तुलना करता ती इतकी प्रचंड आहे की अँटेनाजवळ लहरी ‘पसरत’ नाहीत. तिथे केवळ चुंबकीय क्षेत्र असते आणि ते अंतराच्या घनाने क्षीण होते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र एकअष्टमांश. त्यामुळे साद दीड-दोन मीटरपलीकडे ऐकू येत नाही, आणि किल्ली थोडी सरकली तरी मोजमापात ठळक फरक पडतो. किल्लीत परस्परांशी काटकोनात तीन वेटोळी असतात. म्हणून ती खिशात उभी, आडवी, तिरपी कशीही असली तरी क्षेत्राची एकूण तीव्रता मोजता येते. वेगवेगळ्या अँटेनांची तीव्रता ताडून नियंत्रक ठरवतो : किल्ली आत, दाराबाहेर, की डिकीत. काचेच्या कडेला हा निवाडा डळमळतो. दाराला लागून बाहेर उभ्या माणसाच्या खिशातली किल्ली क्वचित ‘आत’ धरली जाते. उलट डॅशबोर्डच्या माथ्यावर, दाराच्या कप्प्यात किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेली किल्ली कधीकधी सापडत नाही.

कार्यपद्धती : ब्रेक दाबून (हाताच्या गिअरच्या गाडीत क्लच दाबून) बटण दाबले की पुढील गोष्टी ओळीने घडतात. आतले अँटेना साद घालतात. किल्ली जागी होते. एरवी ती काही मायक्रोअँपिअरवर झोपलेली असते. गाडी तिला एक यादृच्छिक (कसाही निवडलेला) आकडा पाठवते. किल्ली आपल्या गुप्त सांकेतिक संख्येने त्याचे कूटलेखन (एन्क्रिप्शन) करून उत्तर धाडते. तेच गणित गाडीनेही केलेले असते. दोन्ही उत्तरे जुळली तर ओळख पटली. दर वेळी आकडा नवा, म्हणून कालचे उत्तर रेकॉर्ड करून आज उपयोग नाही. मग स्टिअरिंगचे विद्युत् कुलूप सुटते, सुटल्याची खात्री मिळाल्यावर प्रज्वलनाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) लागतो, एंजिनचा संगणक इमोबिलायझरची वेगळी खातरजमा करतो, आणि शेवटी स्टार्टरचा रिले ओढला जातो. हे सारे पापणी लवेपर्यंत उरकते. बटण लगेच सोडले तरी चालते; एंजिनने स्वतःचा वेग धरला की नियंत्रक स्टार्टर तोडतो, आणि एंजिन न धरल्यास काही सेकंदांनी स्वतःच थांबतो. संकरित (हायब्रिड) व विद्युत् मोटारींत या शेवटच्या पायरीला उच्च विद्युत्-दाबाच्या बॅटरीचे संपर्क जुळतात आणि ‘रेडी’ उमटते.

ब्रेक न दाबता बटण दाबल्यास क्रमाने उपसाधने (रेडिओ वगैरे), प्रज्वलन आणि बंद अशा अवस्था येतात. एंजिन चालू असताना किल्ली बाहेर गेली तर एंजिन बंद पडत नाही, फक्त इशारा वाजतो. हे मुद्दाम केलेले आहे; भर रस्त्यात सेल संपला म्हणून गाडी थांबणे अधिक धोक्याचे. मात्र पुढे एकदा बंद केल्यावर ती पुन्हा चालू होणार नाही.

बिघाड : पहिला संशय सेलवर. तो साधारण दीड ते तीन वर्षे टिकतो. मल्टिमीटरने मोजल्यास थकलेला सेलही ३ व्होल्टच्या जवळ दाखवू शकतो, कारण मोजताना त्यावर भार नसतो. अंतर्गत रोध वाढलेला असल्याने प्रेषणाच्या क्षणी विद्युत्-दाब कोसळतो, थंडीत अधिकच. म्हणून मापापेक्षा बदलून पाहणे बरे. नवा सेल कापडात धरून बसवावा, धन बाजू खुणेप्रमाणे ठेवावी, आणि जुना काढताना धातूचा स्क्रूड्रायव्हर मंडलावर टेकवू नये. संगणक, टीव्ही किंवा चार्जरजवळ किल्ली कायम ठेवल्यास त्यांच्या गोंगाटाने तिचा ग्राही वारंवार जागा होतो आणि सेल महिन्यांत संपतो. सेल पूर्ण संपला तरी गाडी अडत नाही : किल्ली बटणालाच टेकवून (काही गाड्यांत खुणेच्या खाचेत ठेवून) बटण दाबावे. तिथल्या वेटोळ्यातून चिपला काही सेंटीमीटरवरून ऊर्जा मिळते.

मोबाइल आणि किल्ली एकाच खोबणीत ठेवल्याने ‘किल्ली सापडत नाही’ असा संदेश येणे नित्याचे आहे. हातभर दूर केले की काम होते.

किल्ली सापडली, दिवे लागले, पण स्टार्टर हलत नाही, अशा वेळी ब्रेकच्या स्विचकडे पाहावे. मागचे ब्रेक-दिवे लागत नसतील तर स्विच, त्याचा फ्यूज किंवा सांधणी दोषी. यात एक फसवी जागा आहे : एंजिन बंद असताना ब्रेक तीन-चार वेळा दाबला की ब्रेकला जोर पुरवणाऱ्या सहायकातील निर्वात संपतो आणि पेडल दगडासारखे होते. नेहमीच्या जोराने ते स्विच लागेपर्यंत खाली जातच नाही. जोर लावून दाबले की गाडी चालू होते, आणि बिघाड कधी नव्हताच हे लक्षात येते.

चाक कडेला टेकून वळलेले असेल तर स्टिअरिंग कुलपाच्या खिळीवर ताण येतो व छोटी मोटर ती ओढू शकत नाही. बटण दाबत असतानाच स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवावे. रिलेची टक-टक-टक ऐकू येऊन दिवे मंदावत असतील तर १२ व्होल्टची मुख्य बॅटरी उतरली आहे. किल्लीचा तिथे संबंध नाही.

सुरक्षितता : कूटलेखनाचा पहिला मोठा पराभव २००५ मध्ये झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळेतील संशोधकांनी ४० बिटांची सांकेतिक संख्या वापरणारी चिप फोडली. ४८ बिटांच्या हायटॅग-२ या दुसऱ्या चिपवरील हल्ला २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मेगामोस या आणखी एका किल्ली-चिपवरील शोधनिबंधाच्या प्रकाशनास ब्रिटिश न्यायालयाने २०१३ मध्ये मनाई केली; तो २०१५ मध्ये बाहेर आला. आज १२८ बिटांची पद्धत सर्रास आहे आणि गणिताच्या बाजूने प्रश्न बराचसा मिटला आहे.

खरा दोष गणितात नाहीच. त्सुरिक (झुरिक) येथील ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ उत्पादकांच्या १० मोटारी तपासल्या आणि सर्वच्या सर्व एका साध्या युक्तीने उघडल्या. एक जण गाडीशी, दुसरा किल्लीच्या जवळ, म्हणजे घराच्या दाराबाहेर. दोघांकडची उपकरणे गाडीची साद किल्लीपर्यंत पोचवतात. किल्ली प्रामाणिकपणे उत्तर देते. कूट कोणी फोडतच नाही. साद ऐकू आली म्हणजे किल्ली जवळ, या गृहीतकाचाच तो लाभ घेतात. लहरींना ३०० मी. जायला एक मायक्रोसेकंद पुरतो, तर जुनी प्रणाली उत्तरासाठी मिलिसेकंदांत वाट पाहते. मधला उशीर तिच्या लक्षात येणे शक्यच नव्हते.

यावर किल्लीत हालचाल ओळखणारा संवेदक बसवणे (काही मिनिटे स्थिर राहिली की ती उत्तर देत नाही) हा स्वस्त उपाय. किल्ली धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवणेही परिणामकारक, अस्तर झिजेपर्यंत. मुळावर घाव घालणारा उपाय अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओचा. तो तीव्रता न मोजता प्रवासाचा वेळ मोजतो. एक नॅनोसेकंद म्हणजे ३० सेंमी.; त्यामुळे मधे घुसलेला प्रत्येक मीटर उघडा पडतो. त्यासाठीचे ८०२·१५·४झेड हे मानक २०२० मध्ये आले आणि मोबाइललाच किल्ली करणाऱ्या मानकात २०२१ मध्ये त्याचा समावेश झाला. हेडलाइटमागील तारांतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटे संदेश घुसवण्याच्या चोरीला मात्र यातले काहीच अडवत नाही. तिथे किल्लीला कोणी विचारतच नाही.

वापरातील धोके : धावत्या गाडीत एंजिन तातडीने बंद करायचे तर बटण एकदा दाबून भागत नाही, चुकून हात लागण्याची भीती असल्याने ते दोन-तीन सेकंद दाबून धरावे लागते किंवा लागोपाठ तीनदा दाबावे लागते. उत्पादकागणिक पद्धत निराळी होती. एकवाक्यतेसाठी अमेरिकेतील एसएई या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने २०११ मध्ये जे २९४८ ही शिफारस काढली. बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरतीच मदत उरते. दुसरा धोका शांततेचा आहे. एंजिनचा आवाज जाणवत नाही, किल्ली खिशातच असते, आणि चालक बंदिस्त गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून घरात जातो. कार्बन मोनॉक्साइडने झालेल्या अशा मृत्यूंनंतर अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ठरावीक वेळाने एंजिन आपोआप बंद पाडण्याचे नियम करण्याची तरतूद आली.