लिमलेटची गोळी, खडीसाखर आणि हिरवा प्रकाश

मारबतीच्या दिवशी नागपुरात इतवारीच्या गर्दीत डीजेवाला आवाज वाढवत नेतो आणि एका हद्दीनंतर तो ‘फाटतो’. होतं काय, तर स्पीकरचा पडदा दिलेल्या सिग्नलच्या प्रमाणात हलेनासा होतो आणि मुळात नसलेले दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे सूर त्यात मिसळतात. कानांना हा ताप. प्रकाशाच्या बाबतीत मात्र हाच बिघाड मुद्दाम घडवून आणतात.

1961 साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेझरचा 694 नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमध्ये सोडला. पलीकडे 347 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाशही निघाला. तरंगलांबी निम्मी, म्हणजे नेमकी दुप्पट वारंवारता. तो इतका फिका होता, की छापताना पुराव्याचा ठिपकाच डाग समजून काढून टाकला गेला! आज बर्डीवर मिळणाऱ्या हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये बहुधा हेच घडत असतं: 1064 नॅनोमीटरच्या न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातून 532 नॅनोमीटरचा हिरवा.

पॉइंटरमधला स्फटिक मिलिमीटरच्या मापाचा असतो. अवरक्तातून हिरवा काढण्याचं तेच काम काहीशे नॅनोमीटरच्या, कोरून बनवलेल्या सूक्ष्म खांबांकडून करून घ्यायचं, तर प्रकाश त्यांच्यात कोंडावा लागतो. खांबाच्या आकाराला जुळणारी तरंगलांबी आली की तो आतल्या आत घुमतो आणि त्याची तीव्रता वाढते. इथे दुपटीऐवजी वारंवारता तिप्पट करून हिरवा काढता येतो, आणि असा तिप्पट वारंवारतेचा प्रकाश तीव्रतेच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तीव्रता दुप्पट झाली की तो आठपट. त्यामुळे सूर जरासा हलला, तरी उजेड धाडकन पडतो.

तबल्याचा सूर उतरला तर हातोडीने गट्टे ठोकता येतात. कोरून झालेल्या नॅनोखांबाला गट्टे कुठून आणणार?

इथे साखर आठवा. पाक झटकन थंड केला तर लिमलेटच्या गोळीसारखा काचेसमान होतो. सावकाश जमू दिला तर खडीसाखर. साखर तीच, फक्त रेणूंची मांडणी वेगळी. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचं एक संयुग असंच वागतं. सुमारे 150 अंशांपुढे तापवलं की स्फटिक बनतं. 600 अंशांपुढे वितळवून नॅनोसेकंदांत गार केलं की पुन्हा काचेसारखं. या बदलात त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला तो किती मंदावतो आणि वाकवतो याचा आकडा, मोठी उडी घेतो. खांबावर त्याचा पातळ थर दिला किंवा खांबच त्याचा केला, की घुमणारी तरंगलांबी सरकते आणि हिरवा उजेड कमी-जास्त करता येतो. अर्धवट स्फटिक करून मधल्या पायऱ्याही मिळतात, आणि वीज बंद केली तरी स्थिती टिकते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडी याच जातीच्या पदार्थांवर चालायच्या.

अडचण अशी, की हे संयुग दृश्य प्रकाश अधाशासारखं गिळतं. आपणच बनवलेला हिरवा आपणच खायचा, हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. म्हणून अँटिमनी सल्फाइडकडे लक्ष गेलं आहे. अवरक्त प्रकाशाला ते बिनबोभाट वाट देतं. हिरव्यावर मात्र तेही हात मारतंच.

आणखी एक गडी आहे, व्हॅनेडियम डायऑक्साइड. हे 68 अंशांना धातूसारखं वागू लागतं आणि थंड झालं की परत पहिल्यासारखं. मे महिन्यात नागपुरात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवलं, तर हा स्विच कोणी हात न लावताच दबायचा.