नव्या पत्र्याला जुना पत्रा खातो

माझ्या टेबलावर पत्र्याचे दोन तुकडे पडलेत. एक आमच्या कोल्हापुरातल्या मागच्या पडवीचा, दुसरा मालवणजवळच्या घराचा. दोन्ही एकाच वर्षी, एकाच दुकानातून घेतलेले, जाडीही तीच. कोल्हापूरचा तुकडा जरा काळपट राखाडी झालाय, बाकी ठणठणीत. मालवणच्या तुकड्यातून मात्र बोट आरपार जातं. आणि तो वरून बरा दिसतो. पापुद्रे सुटलेत ते खालच्या अंगाने.

घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. छप्पर गळायला लागलं तेव्हा फोटो घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या फॅब्रिकेटरकडे गेलो. त्यानं फोटो नीट पाहिलेही नाहीत. "सर, जुनं काढताय कशाला? त्याच्याच वरनं नवा टाकूया की. दोन दिवसांत काम खल्लास. घरातलं सामानबी हलवायला नको." तो फसवत नव्हता. कोल्हापुरात त्यानं अशी कैक छपरं केलीत आणि ती उभी आहेत. पण घाटाखालचं गणित वेगळं.

लोखंड किती भिजतं यापेक्षा किती तास ओलं राहतं, यावर गंज ठरतो. इथे मीठ आपला हात दाखवतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ वाफ ओढून घेऊन स्वतःच पाणी होतं; पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो ते म्हणूनच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला त्यासाठी ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. कोकणात हवा याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजे पत्रा वाळलेला दिसला तरी त्यावर खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर असतोच.

आपण ज्या पावसाला शिव्या घालतो तो खरं तर पत्र्याला आंघोळ घालतो. वरच्या बाजूचं मीठ दर पावसाळ्यात धुऊन जातं. खालच्या बाजूला खारा वारा पोचतो, पाऊस पोचत नाही. माझ्या तुकड्याचं कोडं इथे सुटतं. आणि जुन्यावर नवा पत्रा टाकला, की जुन्या पत्र्याची वरची बाजूसुद्धा 'खालची' होते. मधल्या फटीत मीठ शिरतं, रात्री पत्रा थंड पडला की दव धरतं, आणि ते वाळायला ना ऊन मिळतं ना वारा.

लोखंडी पत्र्याला गंजापासून वाचवतो तो त्यावरचा जस्ताचा मुलामा. हे जस्त किती असतं? हलक्या प्रतीच्या जी. आय. (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम. एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८ मायक्रॉन (मिलिमीटरचे आठ हजारांश) जाडीचा थर. हवेच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत 'सी३' या मध्यम हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. 'सी५' या उग्र हवेत, ज्यात किनाऱ्यालगतची खारी हवा येते, ४.२ ते ८.४. भागाकार केला की एकीकडे चार ते बारा वर्षं, दुसरीकडे एक-दोन.

खरा घोळ मात्र दोन पत्रे जिथे एकमेकांना टेकतात तिथे होतो. जस्त आणि लोखंड खाऱ्या पाण्यानं जोडले गेले, की त्यांची बॅटरी होते आणि जस्त झिजून लोखंडाला वाचवतं. एरवी हे वरदानच: पत्र्यावर ओरखडा पडला तरी भोवतालचं जस्त तो सांभाळतं. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं १८२४ मध्ये हीच युक्ती ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर केली. बुडाचं तांबं वाचवायला त्यानं त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं; पण विरघळणारं तांबं ज्या शिंपल्या-शेवाळाला मारत होतं, ते आता बुडाला निवांत चिकटायला लागलं आणि जहाजं मंदावली!

आपल्या छपरावर ही युक्ती उलटी पडते. जुन्या पत्र्याचं जस्त केव्हाच संपलेलं, उरलंय उघडं लोखंड. त्याच्या प्रत्येक वळीवर नवा पत्रा टेकतो, आणि नव्याचं जस्त जुन्याला वाचवण्यात खर्ची पडतं. नव्या सुनेच्या दागिन्यांतून सासरचं जुनं कर्ज फेडावं, तसा प्रकार.

हे सांगितल्यावर फॅब्रिकेटर म्हणाला, "मग मधे लाकडी पट्टी टाकतो. पत्र्याला पत्रा लागणारच न्हाई." उत्तर चोख होतं. पण मग वाऱ्याचं काय? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा होता. ताशी ११० च्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५७ किलो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर छप्पर वर उचलणारी अर्ध्या टनाहून जास्त ओढ, आणि छपराच्या कडांना त्याहून अधिक. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. त्याला धरून ठेवतात फक्त स्क्रू, आणि स्क्रूला धरतं खालचं लाकूड. आम्ही दोन ठिकाणी पत्रा उचलून पाहिला. रीप खालून दिसायला धडधाकट होती, पण पत्र्याला टेकलेल्या बाजूला स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा गेला. अशा लाकडात स्क्रू पिळून उपयोग काय? सगळं उतरवायचं ठरलं ते तिथेच.

समुद्रापासून दूरचं घर असेल, गंज नुसता वरवरचा असेल, लाकूड ठोकून पाहिलेलं असेल, तर मधे पट्टी टाकून वरून नवा पत्रा चालतो. मधल्या हवेनं उन्हाळ्यात खोलीही जरा निवते. सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस पत्र्यांची गोष्ट निराळी. ते फोडले की कर्करोगाला कारण ठरणारे तंतू हवेत उडतात, म्हणून ते न छेडता झाकण्याचा विचार करणं रास्त आहे. पण स्क्रूसाठी भोकं पाडतानाही तेच तंतू उडतात, हे झाकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आम्ही ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त अशा मुलाम्याचा पत्रा घेतला. तो खाऱ्या हवेत साध्या जी. आय. पत्र्यापेक्षा बराच टिकतो. गवंडी भिंतीकडेची फट सिमेंटनं भरायला निघाला होता, त्याला थांबवलं, कारण ओल्या सिमेंटमधला अल्कली ॲल्युमिनियम खातो. आणि रोज संध्याकाळी ड्रिल बंद झालं की पोरांना वर चढवून भोकांभोवतीचा लोखंडाचा कीस मऊ ब्रशनं झाडून घेतला. पहिल्या दिवशी विसरलो होतो. सकाळी कोऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके उठले होते.