वरण उतू गेलं की ज्योत पिवळी का होते

वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते, बघितलंय ना? ते मिठातलं सोडियम, त्याच्या उजेडाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. उजेडाचे रंग वेगळे केले की प्रत्येक धातूच्या अशा ठरलेल्या रेघा दिसतात, बुन्सेन आणि किर्खहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० मध्ये झऱ्याच्या पाण्यात सीझियम हा नवा धातू असाच शोधला, दोन निळ्या रेघा दिसल्या म्हणून.

पण पिण्याच्या पाण्यातलं विषारी शिसं, कॅडमियम असं ओळखायला गॅसची ज्योत पुरत नाही, प्लाझ्मा लागतो, म्हणजे विजेने चमकणारा तापलेला वायू. लॅबमधल्या मोठ्या मशीनला त्यासाठी मिनिटाला साधारण १५ लिटर आर्गॉन आणि इस्त्रीइतकी तरी वीज लागते, आता ही मशीन चेंबूरच्या चाळीतल्या नळाशी न्यायची कशी, मग पाणीच बाटलीत भरून लॅबला जातं.

यावरचा उपाय मला फार आवडतो. १९९० च्या दशकात हंगेरीतल्या संशोधकांनी पाण्यालाच इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारं टोक केलं. पाण्यात थोडं ॲसिड घालायचं म्हणजे वीज नीट वाहते, ते बारीक नळीतून वर उसळू द्यायचं, दोन-तीन मिलिमीटरवर धातूची काडी धरायची आणि हजारेक व्होल्ट द्यायचे. उघड्या हवेतच प्लाझ्मा पेटतो, सिलिंडर नको, पाण्यातले धातू त्यात उडून चमकायला लागतात. वीज किती, तर सीलिंग फॅन खातो तेवढीच. (घरी करू नका, हजार व्होल्ट जीव घेतात.)

उजेड वेगळा करायला जुनी डीव्हीडीसुद्धा चालते, तिच्या एका मिलिमीटरमध्ये साधारण १३५० बारीक खाचा बसतात, आणि बघायला वेबकॅम, सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळतं. सोडियम तर असं लख्ख दिसतं की वीज द्यायच्या आधी घामाचं बोट काडीला लागलेलं असलं तरी पिवळी रेघ येते.

खरा खर्च पुढे आहे. कॅडमियमची रेघ २२८.८ नॅनोमीटरला, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटमध्ये, साधी काच ती अडवते, मग क्वार्ट्झच्या लेन्स आणि चांगला सेन्सर घ्यावाच लागतो. शिशाची ४०५.८ ची रेघ जांभळी, डोळ्याला दिसणारी, पण प्लाझ्मा उघड्या हवेत असल्यामुळे हवेतल्या नायट्रोजनचा पट्टाही तिथेच, ४०५.९ ला येतो आणि वेबकॅमला दोन्ही एकच वाटतात. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम, तेवढ्यासाठी तो फरक कळायलाच हवा. म्हणून आधी नुसतं डिस्टिल्ड वॉटर, त्यात तेवढंच ॲसिड, त्याचा उजेड मोजायचा, म्हणजे शिसं नसताना तिथे किती उजेड येतो ते कळतं, मग नळाचं पाणी लावायचं आणि पहिला आकडा दुसऱ्यातून वजा करायचा, दर वेळी, न चुकता.