मका, मोनेन्सिन आणि कोटीपोटातली वस्ती

अमेरिकेत नेब्रास्का, कॅन्सस किंवा टेक्सासमधल्या एखाद्या फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं दाण्यावर पोसायच्या मोठ्या गोठ्यात, मांसासाठी वाढवलेला गोऱ्हा येतो, तेव्हा तोवरचं त्याचं बहुतेक आयुष्य गवतावर गेलेलं असतं. इथून पुढचे पाच-सहा महिने मात्र त्याला मुख्यतः मका खायचा असतो. तरी पहिल्याच दिवशी मक्याने भरलेली गव्हाण त्याच्यापुढे कोणी ठेवत नाही. सुमारे तीन आठवडे वैरण थोडी थोडी कमी करत आणि दाणा वाढवत नेतात. गोऱ्ह्याची याला हरकत असते असं नाही. त्याला मका आवडतो, मोकळा सोडला तर तो पोटभर खाईल आणि एक-दोन दिवसांत मरूनही जाईल. सवय व्हायची असते ती त्याच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांची.

गुराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे कोटीपोट. मोठ्या जनावरात तो शंभर लिटरहून अधिक माल सामावतो. आत प्राणवायू जवळजवळ नाही आणि तापमान ३९ अंशांच्या आसपास. तिथल्या एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जिवाणू सापडतात. शिवाय आदिजीव, बुरशी आणि मिथेन तयार करणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव. गवतातलं सेल्युलोज फोडणारं विकर गाय-बैल स्वतः बनवू शकत नाहीत. ते काम फायब्रोबॅक्टर, रुमिनोकोकस यांसारखे जिवाणू करतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्लं तयार होतात. ही आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि जनावराची सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यांतूनच येते. थोडक्यात, आपण चारा टाकतो तो जनावराला नव्हे. तो आधी या वस्तीला मिळतो, जनावर तिच्या उत्पन्नावर जगतं.

मक्यातला स्टार्च या वस्तीत भलत्याच वेगाने आंबतो. संधी सर्वांत आधी साधतो स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस हा जिवाणू. त्याची संख्या झपाट्याने दुप्पट होत जाते, आणि साखर मुबलक असली की तो लॅक्टिक आम्ल सोडतो. चाऱ्यावरच्या जनावरात कोटीपोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७ असतो. तो ६ च्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात आणि ५ च्याही खाली घसरला की जनावराच्या जिवावर बेततं. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायूविना हे जीव प्रयोगशाळेत वाढवण्याची रीत घालून दिली. दाणा अती झाल्यावर कोटीपोटात कशी उलथापालथ होते हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मेंढ्यांमध्ये दाखवलं. लॅक्टिक आम्ल खाऊन संपवणारे जिवाणूही तिथे असतात, मेगास्फेरा एल्सडेनी हा त्यातला महत्त्वाचा. पण त्यांची संख्या सावकाश वाढते. तीन आठवडे लागतात ते त्यांच्यासाठी. त्यात भर लाळेची. वैरण रवंथ करताना दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गिळली जाते आणि तिच्यातला सोडा आम्ल मारतो. दाण्याला फारसं चावावं लागत नाही, म्हणजे लाळही कमी. (हा आजार समजायला नेब्रास्काला जायची गरज नाही. लग्नातलं उरलेलं भात-पोळीचं अन्न गाईने भरपूर खाल्लं की गावातले पशुवैद्य धावत येतात ते याच आम्लामुळे.)

फीडलॉटमधला मामला बहुधा इतका टोकाचा नसतो, सामू रोज थोडा घसरतो आणि थोडा सावरतो. पण या रोजच्या आम्लाने कोटीपोटाची आतली भिंत दुखावते. फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा तिथलाच, एरवी निरुपद्रवी रहिवासी त्या जखमांतून रक्तात उतरतो, यकृतात पोहोचतो आणि तिथे गळू करतो. दाण्यावर पोसलेल्या गुरांच्या काही कळपांत दर पाच-सहा जनावरांमागे एकाच्या यकृतात गळू निघतात. ती आटोक्यात ठेवायला खाद्यातून टायलोसिन नावाचं प्रतिजैविक देतात. ते माणसांच्या एरिथ्रोमायसिनच्याच कुळातलं. ते खाणाऱ्या गुरांच्या आतड्यात या कुळाला न जुमानणारे एन्टरोकोकस जिवाणू वाढलेले दिसतात.

दुसरं औषध मोनेन्सिन. ते मुळात कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी आजारावरचं, १९७०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत गुरांनाही दिलं जातं. ते जिवाणूच्या पटलात शिरून सोडियम, पोटॅशियम आणि हायड्रोजनच्या आयनांची नको तिथे ने-आण करतं. मग आतला तोल राखण्यासाठी जिवाणू आयन बाहेर फेकत बसतो आणि त्यातच त्याची शक्ती खर्ची पडते. ग्रॅम-पॉझिटिव्ह म्हणतात त्या गटातल्या जिवाणूंना बाहेरचं संरक्षक पटल नसतं, म्हणून मार बहुतेक त्यांनाच बसतो. लॅक्टिक आम्ल करणारे बरेचसे त्यात येतात. मेगास्फेरा मात्र तगून राहतो. वस्तीचं पारडं प्रोपिओनिक आम्लाकडे झुकतं, मिथेन बनवायला हायड्रोजन कमी उरतो, आणि एरवी ढेकरेतून वाया जाणारी ऊर्जा थोडी वाचते. जनावर एका वेळी कमी खातं, वजन मात्र तेवढंच चढतं. एक किलो वजनामागे लागणारं खाद्य जुन्या चाचण्यांत सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटलं होतं. हेच मोनेन्सिन घोड्याला किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम इतकं पोटात गेलं तरी घातक ठरतं.

कानाच्या कातडीखाली बसवतात त्या इस्ट्रॅडिऑल किंवा ट्रेन्बोलोन या संप्रेरकांच्या गोळ्यांबद्दल सर्वांत जास्त गवगवा होतो. पण त्यांचा रोख स्नायूंवर असतो. सूक्ष्मजीवांच्या गोष्टीत त्यांची भूमिका किरकोळ.

मला यात खरी गोम वाटते ती अशी, की मोनेन्सिन काय किंवा टायलोसिन काय, मक्याने केलेली मोडतोड सावरायलाच उभी आहेत. मोठा बदल अन्नच घडवतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३५ देशांतल्या ३२ जातींच्या प्राण्यांचे ७४२ नमुने तपासले होते. कोटीपोटातली वस्ती ठरवण्यात प्राण्याच्या जातीपेक्षा त्याच्या आहाराचा वाटा मोठा दिसला. कायदे मात्र औषधाभोवतीच फिरतात. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविकं देणं १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केलं, मोनेन्सिनसकट. अमेरिकेने २०१७ च्या सुरुवातीला फक्त मानवी उपचारांत महत्त्वाची असलेली प्रतिजैविकं वाढीसाठी वापरण्यावर बंदी आणली. मोनेन्सिन माणसाला देत नाहीत, म्हणून ते सुटलं. टायलोसिनही राहिलं, कारण त्याच्या लेबलवर वाढ नाही, यकृताची गळू लिहिलेली असतात. आता पशुवैद्याचा लेखी आदेश लागतो, एवढंच.

कोटीपोटातून निसटलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन तिथेही आंबतो. १९८२ मध्ये माणसातल्या रक्ती हगवणीचं कारण म्हणून ओळखला गेलेला ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू गुरांच्या याच शेवटच्या टप्प्यात राहतो, आणि गुरांना काही होत नाही. १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की दाण्यावरच्या गुरांना पाच दिवस नुसतं वाळलेलं गवत दिलं तर आम्लाला दाद न देणारे ई. कोलाय झपाट्याने घटतात. बातमी गाजली, पण पुढच्या प्रयोगांत निकाल एकसारखे आले नाहीत. त्याहून अनपेक्षित ठरला इथेनॉलचा चोथा. मक्यातला स्टार्च काढून उरलेलं हे खाद्य स्वस्त, प्रथिनांनी भरलेलं. स्टार्च गेला म्हणजे धोकाही गेला असं वाटावं. कॅन्सस आणि नेब्रास्कातल्या चाचण्यांत उलट दिसलं, चोथा खाणाऱ्या गुरांच्या शेणात ओ१५७ जास्त वेळा सापडला.

अलीकडे फीडलॉटमध्ये आलेल्या गोऱ्ह्याला मेगास्फेरा एल्सडेनीचा जिवंत डोस तोंडावाटे पाजायची पद्धत निघाली आहे. लॅक्टिक आम्ल खाणारे पहिल्याच दिवशी हजर असले की तीन आठवड्यांचा पायरी-पायरीचा काळ आखडता घेता येतो. म्हणजे मका आणखी लवकर सुरू करता येतो.