घोड्याच्या आतड्याची वाट बंद करणारी उभ्यानेच केलेली शस्त्रक्रिया

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडा घेणारा माणूस त्याचे दात, खूर आणि चाल बारकाईने पाहतो. पोटाबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतो. घोडे दगावण्याच्या कारणांत पोटशूळ हे अग्रभागी असलेले कारण आहे, आणि त्यातील एका प्रकाराचे मूळ थेट घोड्याच्या शरीररचनेत आहे.

घोड्याचे मोठे आतडे तीन ते चार मीटर लांब असते. दुहेरी नालेच्या आकारात ते पोटात घडी घालून बसलेले असते. उजवीकडे ते पक्के जोडलेले असते, परंतु डावीकडचा भाग मोकळाच असतो. चारा अचानक बदलला, कडब्याऐवजी दाणा जास्त झाला किंवा पाणी कमी पडले की आतड्यात वायू साचू शकतो, आणि फुगलेला डावा भाग प्लीहा व पोटाची भिंत यांच्यामधून वर सरकतो. प्लीहा आणि डावे मूत्रपिंड यांना जोडणाऱ्या पडद्यावर एक खोलगट जागा असते. आतडे तिथे जाऊन लोंबकळते आणि अडकते. मग घोडा पुढच्या पायाने जमीन खरवडतो, वळून कुशीकडे पाहतो, चारा सोडतो, लोळतो. त्याला उलटी होत नाही, म्हणून जठरावर ताण आला असेल तर डॉक्टर नाकातून नळी घालून तो कमी करतात. गुदमार्गातून हाताने तपासणी करून निदान होते. सोनोग्राफीत एरवी दिसणारे डावे मूत्रपिंड फुगलेल्या आतड्याआड लपते, हीसुद्धा महत्त्वाची खूण आहे.

प्रत्येक वेळी पोट उघडावे लागत नाही. शिरेतून द्रव देऊन, प्लीहा आकसवणारे फेनिलेफ्रिन टोचून आणि घोड्याला लगामावर फिरवून आतडे अनेकदा जागेवर येते. वयस्क घोड्यांत या औषधाने रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे ते डॉक्टरांनीच द्यायचे असते. खरी अडचण त्यानंतरची आहे. आतडे सुटले तरी ती खोलगट जागा तशीच उरते, आणि काही घोड्यांत तेच दुखणे पुन्हा उद्भवते.

ही वाटच बुजवण्यासाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. 2001 साली बेल्जियममधील पशुशल्यचिकित्सकांनी उभ्या घोड्यांवर ती जागा शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मला तिचे मोल सर्वांत अधिक वाटते ते तिच्या ‘उभ्या’ असण्यात. चारशे-पाचशे किलोच्या जनावराला पूर्ण भूल देऊन आडवे करणे मुळात जोखमीचे आहे: 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पोटशूळ नसलेल्या घोड्यांतही भुलीशी संबंधित मृत्यू सुमारे शंभरात एक इतके आढळले. भुलीतून उठताना धडपडून पाय मोडण्याची भीती असते ती वेगळीच.

उभ्या शस्त्रक्रियेत घोडा आधी उपाशी ठेवला जातो, म्हणजे आतडी रिकामी राहून आतले नीट दिसते. मग त्याला खोड्यात उभे करून गुंगीचे औषध देतात आणि डाव्या कुशीच्या खळग्यात त्वचा व स्नायू बधिर करतात. दोन-तीन लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब हत्यारे आत घालून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. घोडा उभा असल्यामुळे आतडी आपल्या वजनाने खाली राहतात आणि नेमकी हवी ती जागा मॉनिटरवर उघडी दिसते. प्लीहेची वरची कड तिला मूत्रपिंडाशी जोडणाऱ्या पडद्याला टाके घालून जोडली जाते. काही जण टाक्यांऐवजी जाळी बसवतात. पोट मधोमध चिरल्यानंतर घोड्याला कित्येक महिने कामाविना ठेवावे लागते. येथे जखमा लहान असल्याने तो काही आठवड्यांत कामाला लागू शकतो.

हा उपाय मात्र दुखणे शमल्यानंतरचा आहे. आतडे अडकून फुगलेले असताना पोटात दुर्बिणीला जागाच उरत नाही; वेदना औषधाला दाद देत नसेल तर पूर्ण भूल आणि मोठी चीर हाच मार्ग राहतो. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण एखाद्या तांड्यावरून किंवा वाडीवरून तिथवर पोहोचण्यात तास जातात, म्हणून घोडा पहिल्यांदा चारा सोडतो तेव्हाच डॉक्टरांना बोलवायला हवे. शिवाय शिवलेली जागा फक्त डावीकडची वाट अडवते. आतडे उजवीकडे सरकण्याची किंवा पिळा बसण्याची शक्यता कायम राहते, आणि तसे वारंवार घडणाऱ्या काही घोड्यांत आतडेच पोटाच्या भिंतीला शिवून टाकावे लागते.